मदत हवी आहे: सकाळच्या गरम ओट्सना चव कशी आणावी?

नमस्कार मंडळी. वडिलांचे कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे डॉक्टरांनी न्याहारीला ओट्स सुचवले आहेत. त्यांतील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतो, हे वडिलांना पटलेही आहे. परंतु कोल्हापुरात ज्यांची सकाळ वर्षानुवर्षे कांदेपोह्यांनी किंवा झणझणीत मिसळीने सुरू झाली, त्यांच्यापुढे दुधातले फिके ओट्स ठेवताना मला मनापासून वाईट वाटते.

ओट्स आधी थोड्या तुपावर खमंग भाजल्यास चिकटपणा कमी होतो, एवढे जमले आहे. गोडासाठी आपला कोल्हापुरी गूळच वापरते. दूध फाटू नये म्हणून तो आच बंद करून, दूध जरा निवल्यावर घालते आणि वर वेलदोड्याची पूड टाकते.

खरी अडचण तिखटाची आहे. कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतेच, आणि वडिलांना मीठही बेताचेच सांगितले आहे. तेव्हा हा मसाला फोडणीत परतावा की शेवटी वरून भुरभुरावा, मीठ कमी करून आले, कढीपत्ता व लिंबू यांवर चव कशी पेलावी, आणि जवसाची किंवा कारळ्याची चटणी ओट्सबरोबर कशी लागते, हे ज्यांनी करून पाहिले असेल त्यांनी कृपया प्रमाणासह सांगावे.