वखारीतल्या सर्व्हरला वेबमिन घालू की कॉकपिट?

निपाणीकर: आमच्या तंबाखूच्या वखारीत हिशोबाचा उबंटू सर्व्हर आहे. मी बेळगावला गेलो आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर अडकलं की दिवाणजींचा फोन. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, बघितलं की त्यांना घामच फुटतो. म्हणून ब्राउझरमधनं सर्व्हर सांभाळायचं वेबमिन घातलंय, पण ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणतोय.

शहापूरवाला: म्हणणारच की ओ! सर्टिफिकेट वेबमिननं स्वतःच बनवलेलं असतंय. पुढे जावा. पण वेबमिनचा 10000 पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, राउटरवरनं बाहेर उघडू नका. घरनं बघायचं तर व्हीपीएन, म्हणजे वखारीच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी रस्ता. दिवाणजींना रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, तर मुळीच नको. ‘कस्टम कमांड्स’मध्ये हिशोबाच्या सॉफ्टवेअरची सर्व्हिस रिस्टार्ट करायची एकच कमांड भरा, मग ‘वेबमिन युजर्स’मध्ये त्यांचा वेगळा युजर काढून तेवढंच मॉड्यूल द्या. लॉगिन केलं की समोर एक बटण, बाकी काही दिसायचं नाही.

खानापूरकर: कॉकपिटही तसंच, पण हलकं. उबंटूच्या भांडारातच मिळतं, 9090 पोर्टवर उघडलं तरच जागं होतं. मी तेच वापरतो. पण दिवाणजींसाठी वेबमिनच बरं.

निपाणीकर: बटण झालं, चालतंय. दिवाणजी म्हणतायत, प्रिंटरचं पण एक काढा.