लेकीला एमडीआर टीबी आहे. गोळ्या चालू आहेत, पण मनानं फार खचलीय. काय करावं?

बागवाली_आई (तासगाव तालुका)

नमस्कार. माझी थोरली लेक बावीस वर्षांची. बी.कॉम. झाली आणि पुण्यात हडपसरला नोकरीला लागली. चार मुली मिळून एका खोलीत राहायच्या. पावसाळा लागताना खोकला सुरू झाला, तो काही हटेना. संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललेलं. आधी साधा ताप म्हणून औषधं झाली, मग बेडका तपासला. सीबीनॅट नावाच्या तपासणीत टीबी निघाला, आणि तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा, एमडीआर. मी तिला घरी घेऊन आले. आता सरकारी केंद्रातून बीपाल-एम नावाचं नवं औषध चालू आहे. डॉक्टर म्हणाले, सुई नाही, सहा महिन्यांचा कोर्स, बरी होईल. ऐकून जीव भांड्यात पडला होता.

खोकला खरंच कमी झालाय, तापही गेला. पण पोरगी बोलेनाशी झालीय. ताट पुढं ठेवलं तर दोन घास खाते. रात्रभर जागी असते. फोन बंद करून ठेवलाय, मैत्रिणींशी बोलत नाही. परवा गोळ्या देताना म्हणाली, "आई, मी नसते तर तुमचं सगळं सोपं झालं असतं." तेव्हापासून मी तिला एकटी सोडत नाही.

घरचं वातावरण सांगते. सासूबाईंनी तिचं ताट-तांब्या वेगळा केलाय, अंथरूण मागच्या सोप्यात टाकलंय. आल्या-गेल्याला कावीळ झालीय असं सांगायचं ठरलंय, कारण लग्नाचं वय, पुढं स्थळं यायची नाहीत. हे दिवसभर बागेत, ऑक्टोबर छाटणी चालू आहे. ते तिच्याशी बोलत नाहीत असं नाही, पण काय बोलावं हेच त्यांना सुचत नाही.

मनाच्या डॉक्टरांकडे न्यावं का? या गोळ्यांवर त्या गोळ्या चालतात का? माझ्या जाऊबाईंना डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, त्या म्हणतात त्यातलीच अर्धी देऊन बघ. मेडिकलमधून खोकल्याचं पातळ औषधही आणून ठेवलंय. आणि ताट वेगळं ठेवायची खरंच गरज असते का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

छातीचा_जुना_डॉक्टर (नागपूर, निवृत्त)

ताई, जाऊबाईंची गोळी देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. खोकल्याची ती बाटलीही बाजूला ठेवा. कारण सांगतो.

बीपाल-एममध्ये चार औषधं असतात: बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन. यातलं लिनेझोलिड जंतूंवर काम करतंच, शिवाय मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणाऱ्या एका एन्झाइमला थोडं अडवतं. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या हेच सेरोटोनिन वाढवतात. दोन्ही एकत्र आली तर काही रुग्णांमध्ये ते प्रमाणाबाहेर जातं. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, अंग झटके देणं, बरळणं अशी लक्षणं दिसतात, आणि तेव्हा तातडीनं दवाखाना गाठावा लागतो. खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, त्याचाही लिनेझोलिडशी असाच घोळ होतो. सर्दीच्या गोळ्यांतल्या नाक मोकळं करणाऱ्या घटकांनी रक्तदाब चढू शकतो. दुखण्यासाठी दिलं जाणारं ट्रामाडॉलही याच यादीत येतं. दुसरं म्हणजे बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लोक्सासिन हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात, म्हणून तिचा ईसीजी वारंवार काढत असतील. एस्सिटालोप्रामसारख्या काही मनाच्या गोळ्याही तोच परिणाम करतात.

म्हणून मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं नाही असा अर्थ मुळीच काढू नका. न्याच, आणि लवकर न्या. फक्त टीबीच्या डॉक्टरांना सांगून न्या आणि औषधांचा कागद सोबत ठेवा. सुरक्षित पर्याय निवडता येतो, लक्ष ठेवून औषध देता येतं, समुपदेशनाला तर कशाचीच आडकाठी नाही.

तिचं शेवटचं वाक्य मी फार गंभीरपणे घेतो. "मरावंसं वाटतं का, जीवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असं तिला सरळ, शांतपणे विचारा. विचारल्यानं ते डोक्यात भरतं ही समजूत खोटी आहे, उलट माणूस मोकळं होतं. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा, आणि घरातली बागेवर फवारायची औषधं कुलपात. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. लिनेझोलिडमुळे रक्तातलं हिमोग्लोबिन उतरू शकतं. मग माणूस गळून जातं, बोलायचं त्राण उरत नाही, आणि घरच्यांना ती निव्वळ उदासी वाटते. तिला विचारा, तळपायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का? एकेक डोळा झाकून बघायला सांगा, लाल रंग फिका दिसतो का, अक्षरं धूसर होतात का? यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. सुरुवातीच्या नामांकित चाचणीत लिनेझोलिड रोज 1200 मिलिग्रॅम देत, तेव्हा 81 टक्के रुग्णांना नसांचा त्रास झाला होता. म्हणूनच पुढे 600 वर आणलं. वेळेत कळलं तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा थोडे दिवस थांबवतात. तो निर्णय घरी घ्यायचा नाही.

टीबी आणि मन यांचं नातं आमच्या शास्त्राला जुनंच ठाऊक आहे. 1952 साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे टीबीचं नवं औषध देत असताना खंगलेले रुग्ण एकाएकी हसू-बोलू लागले, भूक लागू लागली, वॉर्डात नाचलेसुद्धा. ते औषध पुढे डिप्रेशनवरच्या पहिल्या औषधांपैकी एक ठरलं. ते औषध जे एन्झाइम अडवायचं, तेच लिनेझोलिडही थोडं अडवतं. हे मी तरुण डॉक्टरांना नेहमी सांगत आलो, कारण छातीचा फोटो बघताना रुग्णाचा चेहरा बघायचा राहून जातो.

एका_कानाने_ऐकणारा (डोंबिवली)

काकू, मला 2013 साली एमडीआर झाला. तेव्हा मी तुमच्या लेकीपेक्षा थोडा मोठा होतो, नुकता नोकरीला लागलेलो. आमच्या वेळी दोन वर्षांचा कोर्स, त्यात पहिले काही महिने रोज कानामायसिनची सुई. डाव्या कानाचं ऐकू येणं त्यात गेलं, ते परत आलं नाही.

मनाचं मला जास्त सांगायचंय. मला सायक्लोसेरिन नावाची गोळी होती. ती सुरू झाल्यावर मी रडायचो, भिंतीकडे तोंड करून पडायचो, रात्री कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. घरी सगळे म्हणायचे, आजाराचं टेन्शन घेतलंय. मीही तेच धरून चाललो होतो. एका नर्सबाईंनी ओळखलं आणि डॉक्टरांना सांगितलं की हे औषधाचं आहे. डोस बदलला, सोबत मानसोपचार सुरू झाला आणि मी माणसात आलो. तुमच्या लेकीच्या चार गोळ्यांत सायक्लोसेरिन नाही, हे चांगलंच आहे. पण तिला एवढं कळू द्या की या दिवसांत मन पडणं हा तिच्या स्वभावाचा दोष नाही. मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

गोळ्या सोडायच्या म्हणाली तर तिला हे वाचून दाखवा. बीपाल-एमची मोठी चाचणी बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानात झाली. जुन्या पद्धतीत जवळपास निम्म्या रुग्णांचे उपचार फसत होते, नव्यात 100 पैकी 89 जणांचे यशस्वी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये शिफारस केली आणि भारत सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. आम्ही दोन वर्षं भोगलं ते तिच्या वाट्याला सहा महिन्यांवर आलंय, आणि ते आपोआप आलेलं नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघींचीही ऐकण्याची शक्ती टीबीच्या उपचारात गेली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला बेडाक्विलिनचं पेटंट, म्हणजे ते बनवायचा एकटीचा हक्क, वाढवून हवं होतं, त्याला या दोघींनी भारतात हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. तुमची लेक आज घेते ती गोळी स्वस्त व्हावी म्हणून टीबीतून उठलेल्या दोन मुली लढल्या. मला वाटतं हे तिला माहीत असावं.

आणि ते वेगळं ताट. माझं ताट वेगळं होतं. सुईचं दुखणं मी विसरलो, ते ताट नाही विसरलो. कृपा करून आजच आत घ्या.

टीबी_सुपरवायझर_ताई (नाशिक ग्रामीण)

मी तालुक्याला टीबीचं काम करते, रोज अशाच घरांत जाते. वर दोघांनी औषधांचं नीट सांगितलंय, मी घरातलं बोलते.

टीबी हवेतून पसरतो. खोकला, शिंक, मोठ्यानं बोलणं यातून. ताट, तांब्या, कपडे, अंथरूण, संडास यातून नाही. साबणानं धुतलेलं ताट कुणीही वापरावं. सासूबाईंना तुम्ही सांगून पटणार नाही, सुनेचं कोण ऐकतं? तुमच्या आशाताईंना घरी बोलवा आणि त्यांच्या तोंडून ऐकवा. मी स्वतः पेशंटच्या घरी चहा पिते, तोही मुद्दाम सगळ्यांसमोर. भाषणापेक्षा त्याचा उपयोग होतो.

झोपायला वेगळी खोली असणं सुरुवातीला चांगलंच, पण ती हवेशीर हवी. मागचा सोपा कोंदट असेल तर तिला पुढच्या, खिडकीच्या खोलीत आणा. घरात चार माणसं बसली की तिनं मास्क लावावा. औषध लागू पडलं की संसर्ग लवकर कमी होतो. एमडीआरमध्ये बेडक्याचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतात की आता हरकत नाही, तो रिपोर्ट मागून घ्या आणि सासूबाईंना दाखवा.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली का? तुम्ही लिहिलं नाही. तुमची, ह्यांची, सासूबाईंची, धाकट्या भावंडांची करून घ्या. पुण्याच्या खोलीतल्या मुलींना तिच्या संमतीनं कळवा, नाव गुप्त ठेवून तिथलं केंद्र त्यांना तपासू शकतं. कावीळ सांगत बसलात तर त्या मुली तपासणीशिवाय राहतील.

खाण्याचं फार मनावर घ्या. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये नोव्हेंबर 2024 पासून आहेत (आधी 500 होते), थेट बँक खात्यात येतात. तिचं खातं जोडलंय का विचारा. शेंगदाणे, अंडी, डाळी, दूध, जे घरात चालतं ते. झारखंडमध्ये टीबीच्या घरांना जादा शिधा देऊन अभ्यास केला, तेव्हा घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी झालं. खाणं म्हणजे औषधाच्या जोडीचंच काम आहे. एका वेळी ताटभर नको, थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या, आणि तुम्ही सोबत बसून खा.

लग्नाचं. बऱ्या झालेल्या कितीतरी मुलींच्या बारशाला मी जाऊन आलेय. बीपाल-एम चालू असताना दिवस राहू नयेत एवढं जपायचं असतं, पुढचं पुढं. तिच्यादेखत स्थळांचा विषय मात्र कुणी काढू नका.

बागवाली_आई

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं तिला घेऊन केंद्रात गेलो. बाग गड्यांवर सोडून हेही आले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं, तळपायाला मुंग्या येत होत्या आणि ती सांगत नव्हती, औषध बंद करतील म्हणून. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बरंच उतरलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, डोळे ठीक आहेत. लिनेझोलिडची मात्रा त्यांनी बदलून दिली आणि सिव्हिलच्या मानसोपचार विभागाला चिठ्ठी दिली. तिथल्या मॅडम तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. गोळी सध्या नको, दर आठवड्याला आणा म्हणाल्या. जीवाचं काही करायचं तिच्या मनात आलं होतं, तिनं त्यांना सांगितलं. मलाही सांगितलं. बागेची औषधं ह्यांनी शेडमध्ये नेऊन कुलूप घातलं.

आशाताई येऊन गेल्या. सासूबाई अजून पुरत्या पटलेल्या नाहीत, पण ताट आत आलंय. आमच्या सगळ्यांची तपासणी झाली. पुण्याच्या मुलींना तिनं स्वतः फोन करून सांगितलं. त्यातली एक दर रात्री व्हिडिओ कॉल करते.

डोंबिवलीच्या दादा, त्या दोघींचं वाचून दाखवलं. तिनं नंतर फोनवर त्यांच्याबद्दल शोधून वाचलं.

एकच विचारायचं राहिलं. घरात बसून जीव घुसमटतो म्हणते, ह्यांच्याबरोबर बागेत येऊ का विचारते. मोकळी हवा आहे, नेलं तर चालेल का?

टीबी_सुपरवायझर_ताई

न्या, अवश्य न्या. उघड्यावर संसर्गाची भीती फार कमी असते, गडीमाणसांजवळ उभी राहिली तर मास्क लावू द्या. फवारणी असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मात्र नेऊ नका. हिमोग्लोबिन उतरलंय तर उन्हात राबवू नका, सकाळचं तासभर पुरे. तळपाय बधिर असेल तर काटा-काडी टोचलेली कळत नाही, म्हणून पायात बंद बूट घाला आणि घरी आल्यावर पाय बघा. सकाळच्या गोळ्या आणि काहीतरी पोटात घालूनच बाहेर काढा. बेडाक्विलिन अन्नासोबत घेतलेलं चांगलं.