मदत हवी आहे: शाहू स्टेडियमवर अख्खी गॅलरी एका लयीत कशी गाईल?

हलगीप्रेमी: आमच्या तालमीच्या (पेठेतल्या मंडळाच्या) फुटबॉल सामन्याला कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तीनेकशे समर्थक असतात. हलगी-घुमकं-कैताळ ही वाद्यं आहेत, ईर्ष्याही भरपूर. पण गाणं सुरू झालं की दुसऱ्या ओळीलाच फाटतं. कडेचे मागे पडतात, मधले नुसते नाचतात, पाच मिनिटांत सगळं गार. गोल खाल्ला की उरतात पंचाला शिव्या. उपांत्य सामन्याला दोन आठवडे आहेत. काय बदलावं? डीजे सुचवू नका.

दक्षिण गोल: कडेचे मागे पडतात त्यात त्यांचा दोष नाही, अंतराचा आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. लोक साठ मीटरभर पसरले असतील आणि वाद्यं एका टोकाला असतील, तर दुसऱ्या टोकाला ठोका 0.18 सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त चूक. त्यांचं गाणं परत वाद्यांपाशी येईपर्यंत ती दुप्पट होते.

म्हणून आधी लोक गोळा करा. दहा पायऱ्यांवर तीस-तीस जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तर रुंदी पंधरा-अठरा मीटरच होते. वाद्यं मध्यभागी, खालच्या पायरीवर. एक म्होरक्या मैदानाकडे पाठ करून उभा राहील आणि डोक्यावर हात उंचावून ठोका दाखवेल. त्याला सामना बघायला मिळणार नाही, हे आधीच सांगा! दोन्ही कडांना एकेक जण ठेवा. त्यांनी हलगी ऐकायची नाही, फक्त म्होरक्याचा हात बघायचा.

जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या चोवीस हजारांवर उभ्या प्रेक्षकांच्या आवाजाला वरच्या छताचीही मोठी मदत असते. उघड्या गॅलरीत तो आकाशात जातो, म्हणून दाटीला पर्याय नाही.

घुमकंवाला: हलगीचा आवाज कडक, शब्द खाऊन टाकतो. तीनशे माणसांना दोन हलग्या पुरे. शब्द चालू असताना फक्त घुमकं वाजू द्या, चार ओळी झाल्या की हलगी-कैताळ सोडा. बरेच जण नेमकं उलटं करतात, मग लोक गायचं सोडून नाचतात. हलगीवाले रंगात आले की लय पळते आणि लोकांना दम लागतो. घुमकंवाल्याने म्होरक्याचा हात सोडायचा नाही, बाकीच्यांनी घुमक्याच्या मागे जायचं. चामड्याची हलगी दमट हवेत सैल पडते. ती गेटबाहेरच शेकून घ्या, आत जाळ करता येणार नाही. फायबरच्या पानाची सैल पडत नाही, पण आणखी कर्कश वाजते.

हलगीप्रेमी: आभार. गाणी कशी निवडायची?

खालचा सा: पल्ला सा ते प, फार तर ध. सुरुवात मुद्दाम खालच्या पट्टीत करा. गर्दी ती आपसूक वर चढवते. वरून सुरू केलं तर दुसऱ्या ओळीला नुसतं ओरडणं उरतं. ओळ आ-ई-ओ अशा दीर्घ स्वरावर संपू द्या. ‘आली रे आली’ लांबवता येतं, ‘जिंकणारच’ वर आवाज तुटतो. चार-पाच गाणी बास. तालमीत दोन संध्याकाळी चाळीस जणांकडून घोटून घ्या आणि त्यांना एकत्र न ठेवता दहाही पायऱ्यांवर चौघे-चौघे पेरा.

गोल खाल्ल्यावर कुठलं गाणं आणि कोण उचलणार, हे आधी ठरवा. चेंडू पुन्हा मध्यावर ठेवायच्या आत ते सुरू झालं पाहिजे. 2016 च्या युरो स्पर्धेतली आइसलंडची टाळी (दोन ठोके, मग सगळ्यांची एक टाळी आणि ‘हू’, अंतर हळूहळू कमी) सोपी आहे, पण मधली शांतता पाळली तरच. एका सामन्यात एकदाच करा.

समोरच्या संघाच्या पेठेवर एकही ओळ नको. तिकडून उत्तर येतं, मग बाटल्या, मग पोलीस, आणि पुढच्या वेळी वाद्यं गेटवरच अडतात.

हलगीप्रेमी: म्होरक्याला भोंगा द्यावा का?

दक्षिण गोल: द्या, पण पुढचं गाणं सांगण्यापुरता आणि पहिली ओळ लावून देण्यापुरता. भोंग्यातून सतत गायला लागला की मागचे गप्प ऐकत बसतात. तोंड रोखायचं वरच्या पायऱ्यांकडे. सेलचा जादा संच खिशात ठेवा.