नेटवर सापडलेली गंमत पहिल्यांदा कोणाला पाठवता?

केवडा
सकाळी शाळेतल्या मैत्रिणीचा मेसेज आला. एक लिंक आणि खाली दोन शब्द, "वाजव गं".

उघडलं तर पाण्याखालचा कॅमेरा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात कालव्यावर बोटींसाठीचा एक जुना दरवाजा आहे. वसंतात मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात, पण त्या दिवसांत बोटी फारशा नसतात. त्यामुळे दार बंद आणि मासे बाहेर खोळंबलेले. २०२१ पासून तिथे सोय केलीय : आपण घरी बसून बघायचं, मासा दिसला की पडद्यावरची घंटा दाबायची. फोटो तिकडे जातो, मासे जमलेत असं दिसलं की दारवाला दार उघडतो. जगभरचे लोक माशांसाठी घंटा वाजवत बसलेत! मी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पोळ्या केल्या.

आम्ही दोघी सांगलीला कॉलेजात असताना सायबर कॅफेत एका खुर्चीवर बसायचो, अर्ध्या तासाचे पैसे अर्धे अर्धे. तेव्हा तिने केंब्रिजचं कॉफीचं भांडं शोधलं होतं. तिथल्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेतली मंडळी जिने चढून कॉफीला जायची आणि भांडं रिकामं, म्हणून १९९१ साली त्यांनी भांड्यासमोर कॅमेराच लावला. १९९३ पासून ते चित्र सगळ्या जगाला दिसायला लागलं. पोस्टाच्या तिकिटाएवढं, काळंपांढरं. आम्ही पाहिलं तेव्हा भांडं अर्धं भरलेलं होतं आणि त्याचा आम्हाला इतका आनंद झाला की कॅफेवाल्या दादांनाही बोलावून दाखवलं. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला.

आता तिच्या घरी सासूबाईंचं आजारपण, माझ्याकडे दहावी. फोनवर बोलणं महिना महिना होत नाही. पण अशी एखादी लिंक आली की मला बरं वाटतं. तिला आज हसायला जमलंय आणि हसताना मी आठवलेय, एवढं त्यातून कळतं.

तुम्हाला कोणी काय पाठवलं, तुम्ही कोणाला काय पाठवता? लिहा ना. विषय सोडून लिहिलंत तरी चालेल.

रानजाई
दाबली!!! हिरवं गढूळ पाणी आणि बुडबुडे. एक लांबोडका आला आणि बोट टेकेपर्यंत गेला. कुकर झाला की परत येते

व्हाळाकाठी
अहो हे तर आमचे चढणीचे मासे!

मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की नदीतले मासे व्हाळातून वर, थेट भाताच्या कुणग्यांत चढतात, अंडी घालायला. रात्री गॅसबत्त्या घेऊन अख्खी वाडी व्हाळावर. आम्हा पोरांना काठावर उभं करायचे आणि मासा उडी मारून कातळ चढला की आम्ही ओरडायचो. आजोबा मात्र पहिल्या रात्री कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. "पोटुशी आसत, जावंदेत वर" म्हणायचे. वाडीत यावरून दरवर्षी भांडण. आता तर पोटात अंडी असलेले मासे मारू नका असं बरेच जण सांगतात, आजोबा ते केव्हाच सांगत होते.

लिंक बाबांना पाठवलीय. ते गावी एकटे असतात, पाच मिनिटांत फोन, "अगो, ह्येंका वर सोडतत?" मी म्हटलं हो. म्हणाले, "शाणे आसत."

पोळपाट
@व्हाळाकाठी आमच्याकडे पालघरला वलगणीचे मासे म्हणतात. आई त्याचं कालवण चिंच घालून करायची. आता भूक लागली, अकरा पण नाही वाजले

आइंडहोवनचा बंड्या
ते दार प्रत्यक्ष पाहून आलोय. वेर्डस्लाउस नाव त्याचं. कालवा, सायकली, दार, संपलं. बायको म्हणाली यासाठी रविवार घालवला का. पण मला फार आवडलं. पाण्यावर दोन पाणकोंबड्या आणि खाली कोण वाट बघतंय ते आपल्याला वरून दिसतच नाही.

ब्रीम, पर्च, पाईक असे मासे असतात. खोळंबून राहिले की पाणपक्षी टिपतात, म्हणून ही घाई. मे अखेरपर्यंत चालू असतं साधारण, बघून घ्या.

केवडा
@बंड्या तुम्ही खरंच जाऊन आलात! मैत्रिणीला सांगते, ती उडेलच.
@व्हाळाकाठी बाबांना नमस्कार सांगा.

तिसरा मजला
पुणेरी पाट्यांचे मेल आठवतात का कोणाला? वीस-वीस फोटो जोडलेले, ऑफिसचं इंटरनेट तिथेच बसायचं. बंगळुरात नवीन नवीन होतो, मराठी बोलायला कोणी नाही. कोथरूडचा मित्र दर शुक्रवारी एक मेल टाकायचा. मी त्या पाट्या मोठ्याने वाचायचो, आपल्याच आवाजात मराठी ऐकायला.

आमच्या स्वतःच्या वाड्यात काकांची पाटी होती, जिन्यात : "चपला ओळीत काढाव्यात. ओळ सरळ असते." तिचा फोटो कधी कोणी काढला नाही. वाडा पडला, पाटी काकूंनी जपून नव्या फ्लॅटवर नेलीय. चपलांच्या रॅकवर लावलीय!

रानजाई
@तिसरा मजला ओळ सरळ असते 😂😂 हे मी आमच्या पोरांच्या खोलीत लावणार

निशिगंध_न
माझी रात्रपाळी असते, आयसीयूत. घरी येऊन लगेच झोप लागत नाही, डोक्यात मॉनिटरचे आवाज चालू असतात. बरोबरच्या सिस्टरने मला स्वीडनचं मूसचं प्रक्षेपण दाखवलं. मूस म्हणजे तिकडचं भलंमोठं हरीण. दर वसंतात नदी पोहून पलीकडे जातात आणि तिथलं सरकारी टीव्ही ते २०१९ पासून दिवसरात्र दाखवतं, तीनेक आठवडे. तासन्‌तास काही होत नाही. नुसता बर्फ वितळतोय, झाडं, नदी. मला तेच पाहिजे असतं. जिथे काही झालं नाही तर सगळं ठीक आहे असं एक ठिकाण.

मागच्या वर्षी एकदा दोघी वेगवेगळ्या वॉर्डात होतो, चहाला भेटलो तर ती धावत, "गेली गेली, तीन गेल्या पलीकडे!" एक पेशंटचे नातेवाईक घाबरूनच उठले. त्यांना मोबाईल दाखवला, मग ते पण बघत बसले आमच्याबरोबर.

पोळपाट
सिस्टर तुम्हाला सलाम. झोपा आता

सुपारीचं खांड
ऑरकुट. बाकी काही नाही.

ते पान उघडलं नाही की यायचं "बॅड, बॅड सर्व्हर. नो डोनट फॉर यू." आम्ही चौघी हॉस्टेलच्या. मेसमध्ये भाजी संपली की हेच म्हणायचो, नो डोनट फॉर यू. वाढणाऱ्या मावशींना वाटायचं काहीतरी अभ्यासाचं आहे.

आणि टेस्टिमोनियल! एकमेकींबद्दल लिहायचं, ते सगळ्यांना दिसायचं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑरकुट बंद झालं त्याच्या आधी मी माझी सगळी उतरवून घेतली, वर्डमध्ये. चौघींतली एक २०१९ मध्ये गेली. कॅन्सर. तिने लिहिलं होतं, "ही मुलगी डबा सगळ्यांना देते पण लोणचं लपवते, तरी हिच्याशी मैत्री करा." तिच्या मुलीला यंदा हॉस्टेलला सोडायला मी गेले होते, बरोबर लोणच्याची बरणी दिली आणि हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, मावशी मला हे पाठव. पाठवलं.

केवडा
काय लिहू. मिठी तुला.

व्हाळाकाठी
❤️ फार छान मैत्रीण होती तुमची

आइंडहोवनचा बंड्या
लोणचं कशाचं ते तरी सांगा

सुपारीचं खांड
@बंड्या लिंबाचं, तिखट. आईचं. आणि अजूनही लपवते.

मोर्शीची संत्री
माझ्या आईचं ऐका. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर पलंगावर. टीव्हीवरच्या मालिकांना कंटाळली. नातवाने तिला अलास्कातली अस्वलं लावून दिली. कॅटमाई नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे नदीत उभी राहून अस्वलं सामन मासे पकडतात, थेट दिसतं. हिवाळाभर उपाशी झोपायचं असतं ना, त्यात वजन खूप उतरतं, म्हणून उन्हाळ्यात नुसतं खात सुटतात. मग शरदात मतदान असतं, सगळ्यात लठ्ठ अस्वल कोण. २०१४ ला सुरू झालं.

त्यात ओटिस नावाचा एक म्हातारा. दात पडलेले, झिजलेले. बाकीचे पाण्यात धावाधाव करणार आणि हा एका जागी बसून मासा येईपर्यंत थांबणार. २०२१ ला आला तेव्हा नुसता हाडं होता, तरी खाऊन खाऊन जिंकला. चौथ्यांदा! आई म्हणते, "बाप्पा, दात नाही त्याले, तरी कसा जेवते पाहा." फिजिओथेरपीवाला मुलगा आला की आधी त्याला ओटिसची गोष्ट आणि मग व्यायाम. त्या पोराने युक्ती काढली, ओटिससाठी दहा वेळा पाय उचला काकू. आणि उचलायची!

२०२४ पासून ओटिस दिसला नाही. वयही झालं होतं त्याचं. आईला आम्ही सांगितलं, ती गप्प बसली थोडी आणि म्हणाली, दुसरीकडे मासे जास्त असतील.

तिसरा मजला
ओटिससाठी दहा वेळा ❤️ माझ्या वडिलांनाही हेच व्यायाम दिलेत, आज दाखवतो

मोर्शीची संत्री
@तिसरा मजला दाखवाच. आणि खुर्ची उंच घ्या, खाली बसू देऊ नका. आमच्याकडे कमोडला दांडी बसवून घेतली त्याचा फार उपयोग झाला.

तिसरा मजला
दांडी भिंतीत ठोकली का? आमची भिंत पोकळ आहे.

मोर्शीची संत्री
जमिनीवर उभी राहते ती पण मिळते, औषधांच्या मोठ्या दुकानात विचारा.

शीड
नवरा जहाजावर. समुद्रात असताना नेट असून नसल्यासारखं, बंदराजवळ आले की सगळं एकदम येतं. मध्यरात्री फोन खणखणायला लागतो. मांजरी, भलभलत्या स्पेलिंगची मेनूकार्डं, कुठल्याशा बंदरातला गंजलेला बोर्ड. सगळ्यात शेवटी "पोचलो". मी आधी शेवटचा मेसेज बघते. मग दिवा लावून पहिल्यापासून सगळं बघते. एकही सोडत नाही.

केवडा
@शीड हे वाचून पोटात काहीतरी झालं.

फ्रीमाँटची शेवंती
इथून जवळ लिव्हरमोर म्हणून गाव आहे, तिथल्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळणारा बल्ब आहे. कॅमेरा लावलाय त्याच्यावर, कधीही बघता येतो. आतापर्यंत कॅमेरे बिघडलेत, बल्ब नाही. २०१३ ला अचानक काळोख दिसला आणि बघणाऱ्यांचा जीव गोळा, पण गेलं होतं वीज पुरवणारं यंत्र, बल्ब ठणठणीत!

सासूबाई भारतातून आल्या की कुठे नेऊ असा प्रश्न असतो. मॉल बघून त्या दमतात. तिथे नेलं. आम्ही बेल वाजवली, तिथल्या माणसाने आत घेतलं, प्रेमाने दाखवलं. सासूबाईंनी पदर सावरून दिव्याला हात जोडले. त्या माणसानेही जोडले. आता त्या साताऱ्याहून रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मला विचारतात, तुमचा चालू आहे ना? मी बघून सांगते, चालू आहे.

पोळपाट
आमच्याकडे लाइट गेली आत्ताच. त्या बल्बला सांगा 😄

रानजाई
@पोळपाट आमची पण!! तुम्ही वसईला का?

पोळपाट
हो, स्टेशनच्या पश्चिमेला. तुम्ही?

रानजाई
पूर्वेला. म्हणजे दोन्हीकडे गेलीय. कणीक भिजवलेली आणि मिक्सरमध्ये चटणी अर्धी. पाटा काढते

मेलबर्नची मंजिरी
उशिरा आले, वाचून काढलं सगळं. इथली गंमत सांगते. महापालिकेने २०१३ च्या सुमारास रस्त्यांवरच्या हजारो झाडांना क्रमांक आणि ईमेल पत्ते दिले, फांदी मोडली तर कळवा म्हणून. लोकांनी झाडांना पत्रं लिहिली! तुझ्या सावलीतून रोज जाते, बरं वाटतं, अशी. काही झाडांनी म्हणजे कर्मचाऱ्यांनी उत्तरंही दिली.

मी नवीन होते तेव्हा, नोकरी नव्हती, ओळखी नव्हत्या. ट्रॅमच्या थांब्यापाशी एक एल्म होता, त्याला मराठीत लिहिलं. गावी आमच्या पारावर पिंपळ आहे, तू त्याच्यापेक्षा बुटका आहेस पण पानं गळली की आवाज सारखाच येतो, असं काहीसं. उत्तर नाही आलं. पण ते मी बहिणीलाही पाठवलं होतं, आणि तिने पिंपळातर्फे उत्तर लिहिलं. चार पानी! पाराला नवा रंग दिला, कोणाचं लग्न ठरलं, ग्रामपंचायतीत काय झालं, सगळं पिंपळाच्या तोंडून. अजून लिहिते ती, पिंपळच लिहितो असं धरून.

निशिगंध_न
मंजिरीताई पिंपळाचं एखादं पत्र इथे टाका ना, बहिणीची परवानगी घेऊन

मेलबर्नची मंजिरी
विचारते! ती आत्ता शाळेत असेल, पेपर तपासायला.

केवडा
आत्ता मैत्रिणीशी बोलले. सासूबाईंना आज जरा बरं आहे, खिचडी खाल्ली. धागा वाचतेय ती. बंड्या, ती विचारतेय दारवाल्याला रात्री झोप मिळते का.

आइंडहोवनचा बंड्या
मिळत असावी, दार दिवसा उघडताना पाहिलंय मी. पुढच्या खेपेला भेटले तर विचारतो.

रानजाई
लाइट आली. चटणी पाट्यावरच झाली, मस्त झाली. अस्वलांचं मतदान कधी असतं म्हणालात?

मोर्शीची संत्री
सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. आईने ओटिसनंतर ग्रेझरला धरलंय, ती मादी आहे, २०२३ ला पहिल्यांदा जिंकली. आठवण करते तेव्हा, सगळ्यांनी मत द्यायचं.