सागवनातल्या एनओटू ट्यूब: तिन्ही आकडे जुळत नाहीत

सागवान_चंद्रपूर: सागाच्या जंगलात नायट्रोजन डायऑक्साइड (एनओटू) मोजायच्या पॅसिव्ह ट्यूब, म्हणजे पंपाशिवाय आपोआप वायू टिपणाऱ्या नळ्या, दोन आठवडे लावल्या. एकाच जागी तीन, तारेनं थेट खोडाला बांधलेल्या. लॅबचा रिपोर्ट: ११.२, १२.० आणि १९.६ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. न उघडलेल्या कोऱ्या ट्यूबमध्येही बरंच निघालं. सरासरी घ्यावी की १९.६ काढून टाकावा?

हवामापक: आताच सरासरी नको. तिन्हींचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) सरासरीच्या २० टक्क्यांपर्यंत चालतं, तुमचं ३२ च्या वर जातं. पण आकडा मोठा दिसतो म्हणून वगळायचा नसतो. आत कोळ्याचं जाळं, पाणी, तडकलेली टोपी असं काही उतरवताना नोंदवहीत लिहिलं असेल तरच वगळा.

मला खरी काळजी कोऱ्या ट्यूबची वाटते. ती फ्रीजमध्ये होती की बाकीच्यांसोबत फिरली? दोन्ही प्रकारच्या ठेवायच्या असतात. फक्त फिरलेली खराब निघाली तर घोळ वाहतुकीत: उन्हात तापलेली गाडी, डिझेलचा धूर, सैल टोपी. दोन्ही खराब असतील तर अख्खी बॅचच संशयास्पद.

बांबूकाठी: खोडावरून आधी काढा भाऊ. साल आणि पानं एनओटू शोषतात, हवाही खेळत नाही, आकडा कमी येतो. मोकळ्या जागी बांबू रोवा, दोन-तीन मीटर उंचीवर, तोंड खाली. उलट जोराचा वारा लागला तर तोंडाशी हवा घुसळते, ट्यूबच्या आतल्या वायू शोषणाऱ्या जाळीपर्यंत वायूला कमी अंतर जावं लागतं आणि आकडा फुगतो. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, म्हणून जानेवारी आणि एप्रिलची तुलना करताना पानोळा किती होता तेही लिहा. रंगीत टोप्या वांदरं ओढतात, भोवती तारेची जाळी लावा.

गडचिरोली_नोंदवही: टोपी काढल्याची आणि लावल्याची वेळ मिनिटासह लिहा. दोन आठवडे म्हणजे ३३६ तास. एक दिवस चुकला की ७ टक्के फरक. तापमानाचंही पाहा. गरम हवेत वायू ट्यूबमध्ये वेगानं शिरतो, त्यामुळे लॅबनं कोणत्या तापमानावर हिशेब केला ते विचारा. आपला मे महिना त्यात बसणार नाही. मोहफुलांसाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो जवळ कुठे पेटला होता तर तारीख आणि अंतर टिपून ठेवा.

सागवान_चंद्रपूर: कोरी ट्यूब गाडीतून फिरलेलीच होती. तिचा आकडा तिन्हींतून वजा करू का?

हवामापक: रिपोर्टमध्ये आधीच वजा केलाय का ते लॅबला विचारा, दोनदा वजा होतो असं नेहमी घडतं. आणि वजा केला तरी १९.६ ची अडचण तशीच राहते.