सल्ला हवा: मॉडेल रेल्वेच्या एचओ लेआउटवरचं माळरान बिलियर्डच्या टेबलासारखं दिसतंय

रूळवेडा:
नमस्कार मंडळी. भिंतीलगत २४० बाय ६० सेंटीमीटरचा लेआउट केलाय. स्केल एचओ (खऱ्याच्या १:८७), एकेरी मार्ग, उंची जमिनीपासून ९० सेंमी. डोंगर, बोगदा, स्टेशन असलं काही मला नकोच होतं. नुसतं उघडं रान, दोन-चार शेतं, एक फाटक आणि त्यातून निघालेली गाडी. वाटलं, हेच सगळ्यात सोपं. प्लायवर रूळ चिकटवले, खडी टाकली, उरलेल्या जागेत तयार हिरवी मॅट अंथरली. गाडी छान धावते, पण बिलियर्डच्या टेबलावर धावतेय असं वाटतं. झाडं लावून पाहिली, तर टेबलावर झाडं लावल्यासारखं दिसायला लागलं.
गवत किती मिलिमीटरचं घेऊ? स्टॅटिक ग्रासचं (नकली गवताचे तंतू उभे रोवायचं) यंत्र घ्यावंच लागतं का? आणि मागच्या भिंतीचं काय करू?

गँगमन:
यंत्राचं नंतर बघू. तुमचं दुखणं गवताचं नाही, जमिनीचं आहे.
अगदी सपाट मुलखातही रूळ जमिनीवर नुसते ठेवलेले नसतात. पाणी तुंबू नये म्हणून मार्ग भरावावर घेतात, बाजूने चर काढतात, उंचवटा आडवा आला की तो कापून पुढे जातात. म्हणजे रान सपाट असलं तरी रूळ कधी त्याच्या वर असतात, कधी खाली. दोन मीटरचा भराव १:८७ मध्ये फक्त २३ मिमी भरतो. तेवढ्यानेसुद्धा चित्र बदलतं. तुमच्याकडे सगळंच प्लायच्या पातळीवर आहे, जमिनीला खाली जायला वावच नाही.
सल्ला कडू आहे: रूळ उचला. प्लायवर ५ सेंमी जाडीचा दाट फोम चिकटवा (एक्सपीएस म्हणतात तो, मणी सुटणारा थर्माकोल नव्हे). रूळ त्याच्यावर टाका आणि मग आजूबाजूची जमीन सुरीने खाली कोरत जा. डावीकडे भराव, मध्ये एखादा ओहोळ आणि त्यावर छोटी मोरी, उजवीकडे बोटभर खोलीची कटिंग. ओहोळाची जागा सगळ्यात खोल ठेवा आणि बाकीचे सगळे उतार तिकडे वळवा. पाणी कुठे जाईल हे कळलं की डोळ्याला जमीन पटते. लेआउटच्या पुढच्या पट्टीचा वरचा काठही जमिनीबरोबर वरखाली कापा. तो सरळ राहिला तर मागे कितीही कोरलंत तरी टेबल लपत नाही.
आणि रूळ उचलताच आहात तर काठाला समांतर नका ठेवू. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा सेंमीचा तिरकेपणा पुरे.
एक इशारा: फोमवर सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रे पेंट थेट नको. मी घाईत मारला होता, अख्खा उतार डोळ्यांदेखत विरघळला.

चिमूटभर_माती:
गँगमन यांना +१. गवताचं मी सांगते. साधं त्रैराशिक आहे. एचओमध्ये २ मिमी तंतू म्हणजे साधारण १७ सेंमी गवत, ४ मिमी म्हणजे ३५ सेंमी, ६ मिमी म्हणजे अर्ध्या मीटरच्या वर आणि १२ मिमी म्हणजे कंबरेएवढं. गुरं चरलेलं रान दाखवायचं तर दोनचंच मुख्य हवं. लोक हौसेने सगळीकडे सहाचं मारतात आणि मग इंजिन गवतातून पोहत निघाल्यासारखं दिसतं. सहा आणि बारा फक्त जिथे तोंड किंवा विळा पोचत नाही तिथे: कुंपणाच्या बुडाशी, ओहोळाच्या काठाला, मोरीच्या भिंतीपाशी.
यंत्र घ्याच, किंवा कुणाचं तरी आठवडाभर उसनं आणा. तंतूंवर विद्युतभार येतो म्हणून ते ओल्या गोंदात उभे रुततात. हाताने भुरभुरले तर न्हाव्याच्या दुकानात पडलेल्या केसांसारखे आडवे पडतात. यंत्राच्या तारेचा चिमटा ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला लावायचा. त्याआधी इंजिनं लेआउटवरून काढून ठेवायची आणि रुळांच्या तारा सोडवायच्या.
माझा क्रम असा: फोमवर मातकट रंग, त्यावर फेव्हिकॉलचा थर, त्यावर चाळलेली खरी माती. माती आधी ओव्हनमध्ये चांगली भाजून घ्या, किडे आणि बिया मरतात. मग तिच्यातून लोहचुंबक दोन-तीनदा फिरवा. लोहाचे कण नंतर इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात, हे मी मोटर उघडल्यावर शिकले. माती वाळली की २ मिमी गवत, पण तुकड्यातुकड्यांनी. निदान एक तृतीयांश जमीन उघडी राहू द्या. त्यावर हेअरस्प्रे मारून मधेमधे ४ मिमी. न चिकटलेले तंतू व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून ओढून घ्या, पुन्हा वापरता येतात.
रंग कधीही एकाच पुडीतला नको. पेंढ्याचा पिवळा, करडा आणि मळका हिरवा मिसळा. पुडीत जो हिरवा सुंदर दिसतो तो लेआउटवर खोटा दिसतो.

जुना_सिग्नल:
मॅट फेकू नका, दुसऱ्या लेआउटच्या खाली अंथरा 😄
उभ्या पिकाच्या शेतासाठी नकली फरचं कापड बघा. पिवळट रंग लावून कंगव्याने विंचरायचं आणि कात्रीने वरून कातरायचं, हुबेहूब वाटतं. नांगरटीसाठी ओल्या प्लास्टरवरून जाड दातांचा कंगवा ओढा. फक्त तास रुळांना समांतर नकोत, तिरपे घ्या.

रूळवेडा:
बाप रे. खडीसकट रूळ उचलायचे? दोन महिने गेलेत त्यात. पण काल फोमच्या तुकड्यावर एक फूटभर उतार कोरून पाहिला आणि गँगमन म्हणतात ते पटलं. नुसता पांढरा फोमसुद्धा माझ्या मॅटपेक्षा बरा दिसतो.
भिंतीबद्दल कुणीच बोललं नाही. निळा रंग दिलाय. जमीन आणि आभाळ जिथे भेटतं ती रेघ फार टोचते.

क्षितिज_रेषा:
उघड्या रानात मागची भिंत हा निम्मा लेआउट असतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.
हिशेब बघा. खरा एक किलोमीटर एचओमध्ये साडेअकरा मीटर होतो. तुमच्याकडे साठ सेंटीमीटर आहेत, म्हणजे पन्नास-बावन्न मीटरचं रान. उरलेलं सगळं अंतर रंगाने दाखवायचं आहे. म्हणून निळा एकसारखा नको. वर निळा, खाली येताना फिका, क्षितिजापाशी जवळजवळ दुधाळ. लांबची जमीन हिरवी न रंगवता राखाडी-निळसर ठेवा. ढग काढूच नका, पहिल्या दिवशी आवडतात, मग रोज तेच ढग. कोपरे गोलाईने वळवा.
रेघ लपवायची तर जमीन भिंतीला सपाट भिडू देऊ नका. भिंतीच्या अलीकडे तीनेक सेंमीचा लांबट उंचवटा घ्या आणि त्याच्या मागे जमीन पुन्हा खाली सोडा. जोड त्या खळग्यात जातो, दिसतच नाही. फाटकाचा रस्ताही थेट भिंतीवर नेऊन आपटू नका. उंचवट्यापाशी वळवून पलीकडे गडप करा. झाडं मागे लावायची तर एन स्केलची, १:१६० ची. पण भिंतीपासून लांब, नाहीतर त्यांची सावली आभाळावर पडते.
आता खरी गोम. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. उभ्या माणसाचा डोळा साधारण १५५ सेंमीवर, तुमचं रान ९० वर. म्हणजे क्षितिज रानाच्या ६५ सेंमी वर यायला हवं, ते कुठल्या भिंतीवर बसवणार? लेआउट १३० वर न्या. मग २५ सेंमीत काम भागतं आणि गाडी विमानातून बघितल्यासारखी दिसत नाही.

जुना_सिग्नल:
क्षितिज_रेषा, गणित बरोबर, पण १३० सेंमीवर पोरांना काय दिसणार, पट्टी? आणि तेवढ्या उंचीवर मागच्या रुळावर गाडी घसरली की स्टूल घ्या. माझा लेआउट ९० वरच आहे आणि समोर खुर्ची ठेवलीय. बसलं की डोळा ११५-१२० वर येतो. झालं क्षितिज खाली.

क्षितिज_रेषा:
खुर्ची मान्य. पण मग क्षितिज खुर्चीच्या हिशेबानेच रंगवा आणि पाहुण्यांना उभं राहू देऊ नका.

चिमूटभर_माती:
दिव्यांचं राहिलं. ज्या उजेडात लेआउट बघणार त्याच उजेडात रंग मिसळा. मी खिडकीपाशी मिसळलेला मातीचा रंग दिव्याखाली चक्क गुलाबी निघाला होता. अधूनमधून फोन रुळांच्या पातळीला धरून कृष्णधवल फोटो काढा. मागची जमीन पुढच्याइतकीच गडद दिसली तर अजून फिकी करायला हवी.

रूळवेडा:
ठरलं, खुर्ची आणि ५ सेंमी फोम. धाग्याची वाचनखूण साठवलीय. एकच शेवटचं: फेव्हिकॉलने चिकटवलेले रूळ न मोडता निघतात का?

गँगमन:
निघतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून खडीवर भरपूर फवारा आणि अर्धा तास थांबा. मग पातळ पट्टी स्लीपरच्या खालून सरकवत न्या, वर ओढू नका, रूळ वाकतात. सांध्याचे पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) सगळ्यात आधी सुटे करा आणि त्यांच्यावर पाणी मारताना हात राखून, आतली पाती गंजू देऊ नका. सुटलेली खडी धुऊन वाळवा आणि चाळून ठेवा. मळलेली असेल तर उत्तमच, चराच्या तळाशी तीच टाका.