पोडियमवरील बाग, बोअरचे पाणी आणि माळीकाका

सचिव (सकाळी ८.१०)
सर्व सभासदांना नमस्कार. पोडियमवरील (पार्किंगच्या छतावरील) बागेतील गुलाब आणि अनंत जवळजवळ गेले असून लिंबाची पाने कडेने करपत आहेत. माळीकाकांचे काम बंद करून दुसऱ्या माणसाला नेमावे, असा प्रस्ताव काही सभासदांनी मांडला आहे. रविवारच्या सभेपूर्वी आपापले मत येथे कळवावे.

ए-३०२ (८.२५)
माळीकाका सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात, हे मी गॅलरीतून रोज पाहते. माती ओलीच असते, तरीही दुपारी झाडे माना टाकतात. त्यामुळे त्यांच्याकडून खत तरी चुकत असावे किंवा मुळांना कीड लागलेली असावी, असे मला वाटते.

सी-७०४ (९.०५)
सचिवसाहेब, कृपया हा प्रस्ताव सभेपुढे ठेवण्याची घाई करू नये. मी अनेक वर्षे मृदाशास्त्र शिकवले आहे आणि गेल्या आठवड्यात बागेतील मातीचे व बोअरच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतले आहेत. पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेले क्षार किती आहेत याचे माप, ३ डेसिसायमन प्रति मीटर आली आणि मातीची ६.४. मातीचा आकडा ४ च्या वर गेला की ती क्षारयुक्त मानली जाते. झाडे माळीकाकांमुळे नव्हे, तर मिठामुळे मरत आहेत.

काकूंनी केलेले निरीक्षण अगदी अचूक आहे आणि खरे दुखणे त्यातच दडलेले आहे. मुळांच्या पेशींतील रस बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक दाट असतो, म्हणून पाणी आपोआप आत ओढले जाते. परंतु मातीतील पाण्यातच मीठ साचले की हा फरक कमी होतो आणि भोवती चिखल असूनही झाडाला पाणी उचलता येत नाही. ही पहिली अवस्था. दुसरी अवस्था काही आठवड्यांनी येते. पाण्याबरोबर आत शिरलेले सोडियम आणि क्लोराइड पानापर्यंत पोहोचते, पाणी वाफ होऊन उडून जाते आणि मीठ तेथेच राहते. म्हणूनच जुनी पाने आधी करपतात, तीही टोकापासून आणि कडांपासून. सोडियम हे पोटॅशियमसारखेच दिसत असल्याने त्याच्याच वाटांनी आत घुसते आणि पोटॅशियमवर चालणारी पेशीतील कामे अडवून बसते.

आता साधा हिशोब पाहा. आपल्या पाण्यात लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम क्षार आहेत. रोज दीड हजार लिटर पाणी घातले, तर जवळजवळ तीन किलो क्षार मातीत जातात. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत ते सहाशे किलोंच्या आसपास होतात. झाड कोमेजलेले पाहून माळीकाका काळजीपोटी आणखी पाणी घालत राहिले आणि त्या प्रत्येक बादलीबरोबर मीठ वाढत गेले. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते, आपल्यापैकी कोणीही नाही. मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

बी-१०४ (९.४०)
सर, आपण टाकीवर सॉफ्टनर बसवून घेतला तर हा प्रश्न सुटेल का? आणि आमच्याकडे आरओचे वाया जाणारे पाणी आम्ही कुंड्यांना घालतो, ते तरी चालते ना?

सी-७०४ (९.५२)
दोन्ही गोष्टींनी नुकसानच होईल. सॉफ्टनर पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. म्हणजे बाथरूममधील पांढरे डाग कमी होतील, पण झाडाला जे नको तेच अधिक मिळेल. आरओमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तर मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे, कुंडीत घालू नये.

डी-२०३ (१०.१५)
आमच्या सांगलीकडे उसाच्या शेतात अशी जमीन झाली की जिप्सम टाकतात. ते येथे मागवू या का?

सी-७०४ (१०.३०)
जिप्सम हा चोपण, म्हणजे सोडियममुळे बिघडलेल्या जमिनीवरचा उपाय आहे. तेथे सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलेले असते, सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलेला असतो आणि पाणी मुरेनासे होते. आपला सामू ८ आहे आणि पाणी मुरते आहे. आपल्याकडे क्षार पाण्यात विरघळलेले आहेत, त्यांना वाट करून दिली की ते निघून जातील. मात्र उसाचे उदाहरण फार उपयोगी आहे. मातीचा आकडा १.७ च्या पुढे गेला की उसाचे उत्पादन घटू लागते, घेवड्याचे तर १ च्या पुढेच. उलट जव ८ पर्यंत आणि कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. माती तीच, पाणीही तेच. फरक आहे तो झाडाने मिठाशी वागण्याच्या रीतीत.

ती रीत पाहायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही. सी विंगच्या गच्चीवरून जी ठाणे खाडी दिसते, तिच्यातील पाणी लिटरमागे तीस-पस्तीस ग्रॅमपर्यंत खारट होते आणि त्यातच कांदळवन हिरवेगार उभे आहे. कांदळ आपल्या मुळांशीच मीठ अडवते. नव्वद टक्क्यांहून अधिक मीठ आत येऊच देत नाही. कांदळवनातीलच तिवर या झाडाची मुळेही बरेचसे मीठ अडवतात, पण जे आत येते ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर खारट चव लागते, आणि पुष्कळदा स्फटिक डोळ्यांनाही दिसतात. खाजणातील जाड, रसाळ पानांच्या वनस्पतींची तऱ्हा आणखी निराळी आहे: त्या सोडियम आत घेतात, पण पेशीच्या मधोमध असलेल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत, ते कोंडून ठेवतात, आणि उरलेल्या पेशीतील पाणी टिकून राहावे म्हणून प्रोलीन, ग्लायसिन बीटेन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये तयार करतात. या सगळ्याला ऊर्जा लागते, म्हणून मिठात जगणारे झाड बहुधा सावकाश वाढते. इतक्या वर्षांनंतरही हे शिकवताना मी दर वेळी थक्क होत असे.

ए-६०१ (११.०५)
सर, आमचे गाव अलिबागच्या खारेपाटात आहे. खारबंदिस्ती फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले की पुढे भात नीट येत नसे. पहिल्या पावसाचे पाणी बांधात कोंडायचे आणि ओहोटीला उघाडीतून (बांधातील पाणी सोडण्याच्या दारातून) खाडीत सोडून द्यायचे, असे दोन-तीनदा केल्यावरच वडील पेरणीला हात घालत. मीठ धुतले जाते एवढेच ते सांगत. आपण वर लिहिलेले वाचताना ते सारे डोळ्यांसमोर आले.

सी-७०४ (११.२०)
ताई, आपल्या वडिलांचे शास्त्र पक्के होते. भाताचे रोप लहान असताना आणि नंतर फुलोऱ्याच्या वेळी मिठाला सर्वांत हळवे असते, म्हणून पेरणीपूर्वीची ती धुलाई महत्त्वाची. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने आपल्या कोकणातील अशाच जमिनींसाठी ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या भाताच्या जाती दिल्या. बंगालमधील ‘नोना बोक्रा’ या जुन्या भातात तर शास्त्रज्ञांना २००५ मध्ये एक जनुक सापडले, ज्याच्यामुळे वर चढणाऱ्या रसातील सोडियम वाटेतच काढून घेतले जाते आणि पानापर्यंत फारसे पोहोचत नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या खाऱ्या शेतात तेच बियाणे राखून ठेवले, म्हणून ते जनुक आपल्या हाती लागले.

आपल्या बागेलाही उघाडी होती. पोडियमला चार निचरा नळ्या आहेत. मागच्या वर्षी पार्किंगमध्ये गळती झाली, तेव्हा त्यांपैकी दोन सिमेंटने बुजवण्यात आल्या. मी त्या वेळी समितीत होतो आणि त्या ठरावावर माझीही सही आहे. मागच्या पावसाळ्यात मीठ पुरते बाहेर गेले नाही ते त्यामुळे.

सचिव (११.४५)
सर, आपण हे स्पष्टपणे सांगितल्याबद्दल आभारी आहे. आता नेमके काय करावे, ते कृपया लिहावे.

सी-७०४ (दुपारी १२.१०)
पाऊस सुरू होण्यापूर्वी त्या दोन नळ्या मोकळ्या कराव्यात आणि गळतीची दुरुस्ती नळीच्या सांध्यापाशी करावी. आपली माती फूटभर जाडीची आहे; तेवढ्याच उंचीचे गोडे पाणी तिच्यातून संथपणे खाली उतरले, तर सुमारे तीन चतुर्थांश क्षार निघून जातात. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे पाणी विकत घेण्याची गरज नाही. तोपर्यंत लिंबाला आठवड्यातून दोनदा महापालिकेचे पाणी द्यावे आणि खत पूर्ण थांबवावे, कारण रासायनिक खत हेही क्षारच असतात.

गुलाबांच्या जागी बोगनवेल लावावी. कण्हेरही खाऱ्या मातीत उत्तम येते, पण ती विषारी असल्याने मुलांच्या खेळण्याच्या बाजूला नको. लॉनसाठी हरळीचा मी आग्रह धरीन, ती ६.९ पर्यंत सोसते आणि गणपतीच्या दिवसांत सर्वांना घरच्या दूर्वा मिळतील.

ए-३०२ (१२.३०)
माळीकाकांविषयी मी सकाळी जे लिहिले, ते मी मागे घेते. संध्याकाळी खाली जाऊन मी त्यांच्याशी स्वतः बोलेन.

सचिव (१२.४०)
माळीकाकांना काढण्याचा प्रस्ताव रविवारच्या विषयपत्रिकेतून वगळला आहे. नळ्या मोकळ्या करण्यासाठी प्लंबर शनिवारी सकाळी दहा वाजता येईल.

सी-७०४ (१२.४४)
मी शनिवारी खाली हजर राहीन आणि माळीकाकांनाही बोलावून घेईन. पहिल्या मोठ्या पावसात चारही नळ्यांतून बाहेर पडणारे पाणी बाटल्यांत भरून घ्यायचे आहे, म्हणजे मीठ किती निघाले ते मोजता येईल. रिकाम्या बाटल्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवाव्यात.